सफेद्याचा वास

वरच्या मजल्यावरच्या बोळात, माझ्या खोलीच्या दारापुढे, दुपारी सफेद्याचा वास येतो. खोबरेल तेलात कालवलेला सफेदा, आणि त्याच्या मागे थोडासा रॉकेलचा धूर. आता अमेरिकेत, या मॉरिसव्हिलमध्ये, रॉकेल कोणाच्या घरी असणार? माझा मुलगा प्रकाश म्हणाला, "बाबा, एसीचा फिल्टर बदलायला झाला असेल." त्याने फिल्टर बदलला. वास तसाच. मग मी पुन्हा बोललो नाही. इथे वास आला तरी डॉक्टर, नाही आला तरी डॉक्टर.

सफेदा म्हणजे नाटकात तोंडाला लावायची पांढरी भुकटी. बशीत तेल घालून ती बोटाने घोटायची आणि कपाळापासून गळ्यापर्यंत थापायची. पहिल्या थराला माणसाचा चेहरा पुसला जातो. भिंतीसारखा कोरा होतो. मग त्या भिंतीवर काजळाने, कुंकवाने दुसरा चेहरा काढायचा. माझी बायको तो चेहरा इतक्या झपाट्याने काढायची की समोर बसलेल्या माणसाला ती कधी गेली आणि राणी कधी आली ते कळायचंच नाही.

ती मागच्या पानगळीत गेली. या घरात, याच बोळाच्या टोकाला.

आता वसंत आहे म्हणतात. पाइनच्या फुलोऱ्याचा पिवळा भुगा गाड्यांवर, पायऱ्यांवर, कचऱ्याच्या डब्यावर बसतो. डबा रस्त्यापर्यंत नेणं आणि परत आणणं एवढंच काम माझ्याकडे आहे. डब्यावर बोट फिरवलं की पिवळी रेघ उठते. आमच्या झाडीपट्टीत या दिवसांत मोहाची फुलं गळायची, मोह पडायचा. वैनगंगेच्या काठाला सगळ्या रानात गोड, आंबूस वास. मोह पडला की आमच्या कंपनीचा हंगाम संपला असं समजायचं. दिवाळीनंतर धान कापून झाला की सुरू, मोह पडला की बंद. मधले सगळे महिने नाटक. आज या गावी, उद्या त्या गावी. दिवसा बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, अंधार पडला की नाटक, आणि नाटक संपायचं ते कोंबडं आरवल्यावर.

हे सगळं पुन्हा वर आलं ते माझ्या नातीमुळे. रेवा इथेच जन्मली, इथेच वाढली. कॉलेजात तिच्या प्रोफेसरबाईंनी तिला एक काम दिलं आहे. इंग्लंडात जॉर्ज नावाचे राजे एकामागून एक गादीवर बसले, त्या काळातली वर्तमानपत्रं चाळायची आणि त्यांत नाटकांच्या जाहिराती, नटनट्यांच्या बातम्या सापडतील त्या उतरवून काढायच्या. दुपारी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसते. मी समोर शेंगा सोलत बसतो. पडद्यावर जुना कागद दिसतो, चहाच्या डागासारखा पिवळट. मला त्यातलं अक्षर कळत नाही. मराठीच मी जेमतेम चार यत्ता शिकलो.

"आबा, हे ऐक. धिस इज सो यू," ती एक दिवस म्हणाली. तिला कोणीतरी सांगितलं होतं की तिचा आजोबा नाटक कंपनीच्या जीपवर बसून भोंग्यातून गावोगाव पुकारा करायचा. "इथे लिहिलंय की हे नाटक परत करतायत, कारण, वेट, खास लोकांची तशी इच्छा आहे."

"लोकाग्रहास्तव," मी म्हणालो.

"व्हॉट?"

"लोकाग्रहास्तव! अगं, आग्रह कोणीच केलेला नसते. तंबू उभा आहे, मंडळी बसून जेवत आहेत, म्हणून आणखी एक प्रयोग."

ती हसत सुटली. "माय गॉड. प्रोफेसर पण तेच म्हणाली. शी सेड, हे थिएटरवाले स्वतःच लिहून पेपरला पाठवायचे."

मंग तिला नाद लागला. रोज एक नवीन. एका जाहिरातीत होतं, अमुक भूमिका एक तरुण बाई करेल, रंगमंचावर पहिल्यांदाच. नाव नव्हतं.

"नाव काहून नाही?"

"फ्लॉप झाली तर घरच्यांना लाज नको म्हणून, आय गेस." तिने केस कानामागे टाकले, अगदी आजीसारखे. "मग दुसऱ्या दिवशी क्लॅप मिळाल्या की नाव छापायचं."

आमच्याकडे उलटं. आमच्याकडे नाव आधी तयार, बाई नंतर. माझी बायको पहिल्यांदा तोंडाला रंग लावून उभी राहिली, त्याच्या आधीच मी पाच-सात गावं पुकारून आलो होतो. "होऽ होऽ! आज रात्री! नागपूरची सुप्रसिद्ध नटी, कुमारी मीनाराणी! माय-बहिणींसाठी बसायची स्वतंत्र व्यवस्था! होऽ!" आणि ही मागच्या सीटवर पायाखाली पेट्रोमॅक्सची खोकी घेऊन शेंगा खात बसलेली. धुळीने भुवया लाल झालेल्या. मी भोंगा बंद केला की म्हणायची, "नागपूर मी पाहिलं तरी आहे का जी?"

लग्नानंतरही ती कुमारीच राहिली. प्रकाश झाला तरी कुमारीच. एकदा मी गावातून पुकारत चाललो होतो, "कुमारी मीनाराणी!" आणि मागे तिच्या मांडीवर प्रकाशने जो टाहो फोडला, तो माझ्या माइकमधून साऱ्या गावात गेला. विहिरीवरच्या बाया घागरी खाली ठेवून हसल्या. एक म्हणाली, "कुमारीले मोठा गळा आहे वो बापा!" ही पदर तोंडाला लावून इतकी हसली की जीप थांबवावी लागली. हे मी रेवाला सांगितलं, आणि तिने संध्याकाळी बापाला चिडवलं, "बाबा, यू वेअर अॅन अॅनाउन्समेंट!" प्रकाश हसला. खूप दिवसांनी हसला.

त्या काळातली मला दृश्यं कमी आणि वास जास्त आठवतात. तणशीचा वास. लोकांना बसायला जमीन खोदून खड्डा करायचे आणि त्यात धानाची तणस, म्हणजे पेंढा, पसरायचे. थंडीत हजार माणसं त्या तणशीवर कुडकुडत बसली की तिला ऊब यायची आणि गोठ्यासारखा वास सुटायचा. आलुबोंड्याच्या कढईचा वास. हार्मोनियमच्या भात्यातला कुबट वास. आणि कनातीच्या मागे, जिथे बाया रंगायच्या, तिथे सफेदा. आवाज म्हटलं तर पेट्रोमॅक्सची सूं सूं. ती मी विसरलो होतो. या घरातला फ्रिज रिकाम्या दुपारी अगदी तसाच आवाज करतो.

एक दिवस रेवाने वाचता वाचता लॅपटॉप दूर सारला. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "क्रीपी आहे, आबा." एका पेपरात लिहिलं होतं की अमकी बाई शेवटच्या अंकात मरते ते इतकं सुंदर करते की बघणाऱ्या बाया रडून बेशुद्ध होतात. पुढच्याच पेपरात कोपऱ्यात दोन ओळी. ती बाई खरंच मेली. "आणि त्याच्या खालीच नाटकाची अॅड. सेम प्ले. दुसऱ्या बाईचं नाव."

मी शेंगांची टरफलं गोळा करू लागलो.

"आजी पण मरायची ना नाटकात? बाबा म्हणाला."

"मरे."

"मग लोक रडायचे?"

"तणस ओली व्हायची."

मग तिने विचारलं, "आबा, तू आजीला काय म्हणायचास? लाइक, कोणत्या नावाने हाक मारायचास? मी कधी ऐकलंच नाही."

मी टरफलं घेऊन बाहेर गेलो. डब्यावर पिवळा भुगा होता. झाकण उघडं धरून किती वेळ उभा राहिलो काय माहीत.

तिने ऐकलं नव्हतं, कारण घरात मी बायकोचं नाव घेत नव्हतो. आमच्या वयाची माणसं घेत नाहीत. मी म्हणायचो "अवो" आणि ती म्हणायची "का जी", या दोन शब्दांवर आमचा अख्खा संसार झाला. तिचं खरं नाव, माहेरचं, मी एकाच ठिकाणी घ्यायचो. ती मेल्यावर. रंगमंचावर.

आमच्या कंपनीत ही रीत होती. ठमाबाई म्हणून कपडेपट सांभाळणारी म्हातारी होती, तिने घालून दिलेली. नाटकात मेलेलं माणूस तसंच उठून घरी जाऊ नये, मरण अंगाला चिकटून मागे येते, असं तिचं म्हणणं. पडदा पडला की मेलेल्याने तसंच पडून राहायचं. त्याच्या घरच्या माणसाने जवळ जायचं आणि त्याला घरच्या नावाने हाक मारायची. भोंग्यावरच्या नावाने नाही. "ऊठ, घरी जायचं आहे," म्हणायचं. त्याने ओ द्यायची. ओ आली की हाक मारणाऱ्याने खोबरेल लावलेल्या फडक्याने त्याच्या कपाळावरचा सफेदा पुसायचा. एक पट्टा पुसला की खालून खरं कातडं दिसायचं. मग माणूस उठून मोकळा. रंग अंगावर घेऊन कोणी कंपनीच्या बाहेर पाऊल टाकत नव्हतं.

हिला मी हाक मारायचो. पडद्याच्या पलीकडे लोक तणस झटकत उठत असायचे, कोणी हुंदके देत असायचं, पूर्वेकडे फटफटलेलं असायचं, आणि ही पांढरीफटक पडलेली. मी वाकून नाव घ्यायचो. क्षणभर काही नाही. त्या क्षणाला मी रोज फडकं घट्ट धरून ठेवायचो, हा खेळ आहे हे माहीत असून. मग ओठ न हलवता, पुटपुटल्यासारखी ओ यायची. "आली जी."

एका सकाळी आली नाही. वैनगंगेवर धुकं होतं, मोह पडायला लागला होता, हंगामाचा शेवटचा प्रयोग. मी हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा माझा आवाज चिरकला. भोंग्यावरचा माणूस मी, आणि आवाज चिरकला. ठमाबाई धावत आली. तेव्हा ही खुदकन हसली, डोळे मिटलेलेच.

मी इतका भडकलो की फडकं फेकून दिलं. "हे काय सोंग आहे? मरतो ना माणूस!"

"पाहत होती," ती म्हणाली, "किती वेळ हाका मारता ते."

"मी मरेतोवर मारल्या असत्या."

ती उठून बसली. फडकं उचलून माझ्या हातात दिलं. मग हसू आवरून म्हणाली, "एक ऐका जी. कधी ओ नाही आली ना, तरी रंग पुसून टाकजा. वाट पाहत नका बसू. सुकला की लय आग करते सफेदा."

मी पुसलं. कपाळ खालून लाल झालेलं होतं. तेव्हा मी म्हटलं, काहीही बोलते ही बाई.

इथे ती गेली तेव्हा तिला घरी ठेवलं नाही. इथे ठेवत नाहीत. एका स्वच्छ, गार जागेत नेलं, जिथे फुलांना वास नव्हता. प्रकाशने धावपळ केली, सगळं नीट केलं, त्याला मी काही बोलत नाही. तिथल्या बाईने आम्हाला आत नेलं तेव्हा तिच्या तोंडावर कामाचं समाधान होतं. तिने माझ्या बायकोला रंगवलं होतं. पावडर, गालाला लाली, ओठांना गुलाबी. इथली पद्धत. प्रकाशच्या ऑफिसातली माणसं हळू आवाजात म्हणत होती, किती शांत दिसतात काकू, किती छान. मी पाहिलं. मला ती पडद्यामागे दिसली. शेवटचा अंक झालेला, कपाळ पांढरं, ओठ मिटलेले, हाकेची वाट पाहत पडलेली.

एक जण वाकून म्हणाला, "काका, तुम्ही दोन शब्द बोलता का?"

तीन गावांना ऐकू जाईल असा आवाज होता माझा. मला एक शब्द बोलायचा होता. पण मी हाक मारली आणि ओ नाही आली, तर? तोवर ती नुसती पडलेली होती. हाक मारल्यावर ती मेली असती. मी नाही म्हणून मान हलवली. पडदा सरकला, त्यांनी प्रकाशला दहनाचं बटण दाखवलं, आणि ती रंगासकट गेली.

तेव्हापासून बोळात वास येतो.

हे मी कोणाला बोललो नव्हतो. रेवालाही बोललो नसतो. पण काही दिवसांनी तिला पेपरात आणखी काही सापडलं. त्या काळातल्या नट्या तोंडाला पांढरा रंग लावायच्या, त्यात शिसं असायचं, आणि त्याने त्यांची कातडी खराब व्हायची. "आजी काय लावायची? तसंच काही?" मी म्हटलं, सफेदा, पण तो वेगळा, त्यात शिसं नसते. ती म्हणाली, थांब, गॅरेजमधल्या खोक्यात एक डबा बघितलाय मी. आणि मी नको म्हणायच्या आत गेली.

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. झाकणाच्या आतून आरसा चिकटवलेला. हा डबा तिने अमेरिकेला येताना सामानात घातला होता, तेव्हा प्रकाश म्हणाला होता, आई, तिथे काय करणार आहेस याचं? ती म्हणाली, लागला तर असू दे. रेवाने तो टेबलावर ठेवला आणि झाकण उचललं.

वास बाहेर आला. बोळातला तोच. पण तिथला वास लांबून येतो, हा समोर बसला.

आत सफेद्याची पुडी, आटलेलं काजळ, कुंकवाची डबी. आणि आरशाच्या कोपऱ्यात एक बोट उमटलेलं. पांढरं, तेलकट, सुकलेलं. आरसा आपल्याकडे वळवताना तिचा अंगठा लागत असेल. रेषा न रेषा दिसत होती, मधली जखमेची आडवी खूणसुद्धा. विळीने कापलं होतं.

"ओ वाव," रेवा म्हणाली आणि तिने बोट पुढे केलं.

"हात नको लावू!"

मी इतक्या जोरात ओरडलो की पोरगी मागे सरकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी इथे आल्यापासून तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो. मंग सांगावंच लागलं. ठमाबाई, हाक, ओ, कपाळाचा पट्टा, ती गार जागा, सगळं. मध्ये एकदा तिने लॅपटॉप मिटला.

शेवटी ती म्हणाली, "सो शी इज स्टिल वेअरिंग इट." मग मराठीत, सावकाश, शब्द शोधत, "म्हणजे आजीने अजून तो रंग लावलेलाच आहे. आणि तिला जळतंय."

पोरगी माझ्यासारखीच फटकळ. पण तिने बरोबर तिथेच बोट ठेवलं, जिथे मला दुखत होतं. इतके महिने मी माझाच विचार करत होतो. हाक मारली नाही तोवर ती कुठेतरी आहे, बोळात आहे, दुपारची येते. आणि तिकडे तिचा सफेदा सुकून आग करत होता.

"मी बाहेर जाऊ का?" रेवाने विचारलं.

"बस इथेच. हाक मारताना कोणीतरी लागते."

मी स्वयंपाकघरातून खोबरेल आणलं. खिशातल्या रुमालाचं टोक बुडवलं. डबा उचलून वर बोळात नेला, माझ्या दारापुढे ठेवला, जिथे गालिच्याचा रंग उडाला आहे. खाली बसताना रेवाने माझ्या काखेत हात घातला. बाहेर कोणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं. ते थांबेपर्यंत मी थांबलो.

मग हाक मारली.

"सगुणे."

नाव तोंडातून निघालं तेव्हा ते किती लहान आहे ते कळलं. भोंग्यावर हे नाव कधी गेलं नव्हतं. ते फक्त वाकून, कानाजवळ घ्यायचं नाव होतं.

"सगुणे, ऊठ वो. घरी जायचं आहे."

खाली फ्रिजची सूं सूं. आरशात छत दिसत होतं, दिवा दिसत होता. मी वाट पाहिली. तेव्हाच्या फडक्यासारखा रुमाल घट्ट धरला, पण या वेळी ओ आली नाही. मी पुन्हा हाक मारली नाही. मारत राहिलो असतो तर संध्याकाळ झाली असती. किती वेळ मारता ते पाहत होती, म्हणाली असती.

रुमालाचं टोक मी आरशाच्या कोपऱ्यावर ठेवलं. पुसायला हात धजेना. तो अंगठा गेला की तिच्या हातचं म्हणून या घरात काही उरणार नव्हतं. रेवाने माझं मनगट धरलं नाही, ढकललंही नाही. नुसती बाजूला बसली होती. मी कपाळाचा पट्टा पुसायचो तसं पुसलं, डावीकडून उजवीकडे. तेलाने सफेदा लगेच सुटला. तो सुटतोच.

रुमाल मी धुतला नाही. डब्यात घडी करून ठेवला आणि झाकण लावलं.

रात्री जेवताना रेवाने बापाला सांगितलं, आजीचं नाव सगुणा होतं. प्रकाश म्हणाला, ते माहीत आहे, पासपोर्टवर होतं की. ती म्हणाली, "नो, आय मीन, आबा तिला सगुणे म्हणायचा." प्रकाशने माझ्याकडे पाहिलं. त्याने ते कधीच ऐकलं नव्हतं.

आता पिवळा भुगा संपला. रेवाचं जुने पेपर वाचणं चालू आहे, परवा म्हणाली, जाहिरातीत कोणाचा तरी अगदी शेवटचा प्रयोग, त्यानंतर पुढच्या आठवड्यात पुन्हा शेवटचा. मी हसलो.

बोळात मात्र आता वास येत नाही. दुपारी मी वर जातो, दारापुढे उभा राहतो, आणि पाहतो. येत नाही.